सीलबंद स्वयंपाकघर

स्वयंपाकघराला रात्रीपुरतं सील ठोकणार असल्याचं निरीक्षकांनी जाहीर केलं, तेव्हा घरात कुणी हसलं नाही. त्यांच्यासमोर हसायची पद्धतच नव्हती. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण चेहरा अजून नोकरीवर होता. उभा जन्म त्यांनी दुकानांतले काटे तपासण्यात घालवला. वजन खोटं निघालं की जप्त करायचं. खरं निघालं की काट्यातून तार ओवायची, तारेच्या गाठीवर शिशाची गोळी बसवायची आणि ती पकडीनं दाबून खात्याचा शिक्का उमटवायचा. पुढे खात्यानं शिसं सोडून कागदी चिकटपट्ट्या आणल्या आणि ती जुनी पक्कड साहेबांबरोबर घरी आली. एरवी घरात ती अक्रोड फोडायच्या कामाला होती. आज ती पुन्हा मूळ पदावर रुजू झाली.

निमित्त होतं नातीच्या रक्ताचं. नात दहा वर्षांची, अंगानं चांगलीच भरलेली. जन्मली तेव्हा तिचा गोल चेहरा पाहून आजीनं कौतुकानं तिला ‘चेंडू’ म्हटलं आणि तेव्हा ते सगळ्यांना फार गोड वाटलं. मग पोरगी शाळेत जायला लागली आणि हे नावही तिच्या मागोमाग शाळेत गेलं. तिथं त्यातलं कौतुक कुणी घेतलं नाही, चेंडू तेवढा घेतला. घरीही तिच्या ताटावर आता सगळ्यांची नजर असायची. तिनं एखादी गोष्ट दुसऱ्यांदा मागितली तर तिला कुणी नाही म्हणत नसे, फक्त बाकीच्यांचं जेवण क्षणभर थांबायचं. तेवढ्यानं पोरगी हात मागे घ्यायची.

हे अंग आलं कुणाकडून, यावर घरात जुना वाद होता. आजीचं म्हणणं, हे सुनेच्या माहेरचं. सून त्यावर अवाक्षर काढत नसे, नुसती नवऱ्याच्या पोटाकडे बघत राहायची. नवरा म्हणायचा, आमच्याकडे हाडंच जाड असतात. निरीक्षक या वादात पडत नसत. मापून पाहिल्याशिवाय मत द्यायची त्यांना सवय नव्हती, आणि हे मापायचं कशानं ते त्यांना माहीत नव्हतं.

अशात मुलांच्या दवाखान्यात एक संशोधन निघालं. काही मुलांचं वजन लहान वयातच भराभर का वाढतं, त्याची एखादी खूण रक्तात, थेट जनुकांत सापडते का, ते डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांना तीन पिढ्यांचं रक्त हवं होतं: मुलाचं, आईबापांचं आणि आजीआजोबांचं. शाळेत त्याचा कागद वाटला. बाकीच्या मुलांनी त्याची विमानं केली. नातीनं मात्र तो नीट घडी घालून घरी आणला आणि आईला न दाखवता सरळ आजोबांकडे नेला.

“आजोबा,” ती म्हणाली, “माझ्या रक्तातच तसं असलं, तर मग मी हावरट नाही ना?”

निरीक्षकांनी नोकरीत नाना तऱ्हेची गाऱ्हाणी ऐकली होती. पाया पडणारे दुकानदार पाहिले होते, रडणारे पाहिले होते. पण असा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, “तपास होऊ दे. खरं काय ते बाहेर येईल.” पोरीनं हा शब्द घट्ट धरून ठेवला. तारीख मिळेपर्यंत ती रोज शाळेतून आल्या आल्या आधी तेवढंच विचारायची.

दवाखान्याची अट एकच होती. मुलानं आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मोठ्यांना कसलीच अट नव्हती. पण निरीक्षकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की पोरगी एकटी उपाशी राहणार नाही, अख्खं घर राहील. नियम म्हटला की तो सगळ्यांना सारखा. नातीनं डोळे मोठे करून विचारलं, पप्पासुद्धा? पप्पासुद्धा, असं आजोबा म्हणाले. पप्पांच्या तोंडात तेव्हा घास होता, त्यामुळे त्यांना विरोध नोंदवता आला नाही. पोरगी इतकी खूश झाली की तिला भुकेची भीतीच वाटेना. आपल्यासाठी चार मोठी माणसं उपाशी राहणार, ही गोष्ट तिला अगदी नवी होती. ती हसत हसत झोपायला गेली.

निरीक्षकांना मात्र माणसांची पारख होती, आणि घरातल्या माणसांची तर जरा जास्तच. घरात खाण्यासारखं जे जे होतं ते त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. पाण्याचा जग तेवढा बाहेर काढला. मग दाराच्या कडीतून तार ओवली, गोळी बसवली आणि पक्कड दाबली. शिशावर शिक्का असा काही उठला की नवीन माणसाला शिकवायला दाखवावा. किती दिवसांनी हाताला तो दाब लागला होता. त्या रात्री निरीक्षकही खुशीतच झोपले.

आणि सील तोडलं कुणी? निरीक्षकांनीच. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाला तर्क करायला लावण्यात काय अर्थ आहे.

झालं असं, की त्यांना नेहमीसारखी पहाटे जाग आली. रक्तदाबाची गोळी त्यांनी पाण्याबरोबर घेतली. गोळी पोटात एकटी पडली आणि पोट कुरकुरायला लागलं. उठलोच आहोत तर सील बघून यावं, असं त्यांना वाटलं. सील शाबूत होतं. मग रीतीप्रमाणे त्यांनी तार ओढून पाहिली. तारेनं दाद दिली नाही. आणखी जोरात ओढली, तरी नाही. आपलं काम अजून एवढं पक्कं आहे याचा त्यांना अभिमान वाटला आणि त्या अभिमानानं भूक आणखी खवळली. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, आत दूध तर नासलं नसेल? खोली रात्रभर बंद, हवा कोंडलेली. जप्त मालाची नासाडी होऊ न देणं हीसुद्धा निरीक्षकाचीच जबाबदारी. दूध फ्रीजमध्ये आहे आणि ते नासायचं काही कारण नाही, हे त्यांना तार कापून झाल्यावर आठवलं.

आत गेल्यावर दुधाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पावाचे दोन तुकडे घेतले, त्यांवर जॅम लावला आणि उभ्या उभ्या खाल्ले. दोनच, जास्त नाही. बाहेर येऊन नवं सील करावं, तर शिशाच्या गोळ्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात, आणि त्या कपाटाचं दार असं करकरायचं की शेजारच्या घरातलेही कूस बदलत. म्हणून त्यांनी तारेची कापलेली टोकं मागच्या बाजूनं पिळून जोडली आणि जुनं सील पुढून दिसेल असं लटकवलं. असं लटकवलेलं सील दुसऱ्या कुणाकडे दिसतं तर त्यांनी ते रस्त्यावरूनच ओळखलं असतं आणि दुकानदाराला कोर्टाची पायरी दाखवली असती. तोंड पुसून ते आधी फिरायला गेले, आल्यावर आंघोळीला बसले आणि तिथंही बराच वेळ रमले.

आवरून बाहेर आले तर सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमले होते. सील तुटल्याचं उघडकीला आलं होतं. त्यात निरीक्षकांना नवल नव्हतं, नवल पुढे होतं. पावाच्या पिशवीत नुसता चुरा उरला होता. जॅमची बरणी कुणीतरी चमच्यानं खरवडून लख्ख केली होती. केळी गेली होती, पातेल्यातलं दूध तळाला टेकलं होतं. निरीक्षक चक्रावून गेले. आपण चोरी केली त्यापेक्षा जास्त माल गेलेला आहे, अशा प्रसंगी चोरानं काय करायचं, याचा त्यांना अनुभव नव्हता. खरं तर ते कबूल करायच्या बेतात होते. पण दोन तुकड्यांची कबुली द्यावी तर अख्खी बरणी गळ्यात येणार, आणि ‘माझे दोनच’ म्हणणाऱ्यावर त्यांनी स्वतः नोकरीत कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

तोवर सगळ्यांच्या नजरा नातीकडे वळल्या होत्या. ती वेणी घालून, धुतलेला फ्रॉक घालून, बूट हातात धरून उभी होती. आजीनं घाईघाईनं तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, असू दे, लेकरू आहे, भूक लागली असेल. निरीक्षकांचा मुलगा म्हणाला, तिला कुणी रागवायचं नाही. सुनेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. इतक्या गोडीनं आणि इतक्या झटपट या घरात आजवर कुणालाच माफी मिळाली नव्हती.

“मी नाही खाल्लं,” नात म्हणाली.

खोटं बोलतेस असं तिला कुणी म्हटलं नाही. बरं, खरं आहे असंही कुणी म्हटलं नाही. दुकानदाराचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ज्यांनी कधी कागदाला पेन लावलं नाही, ते निरीक्षक आपल्या चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

त्यांनी मनात हिशेब केला की दवाखान्यात सीलचा विषय निघायचं काही कारण नाही. तिथं पोरीला विचारतील, ती उपाशी आहे म्हणून सांगेल, आणि ते तर खरंच आहे. रक्त देऊन परत आलं की प्रकरण मिटलं. पण गाडीत बसताना मुलगा म्हणाला, तिथं जे झालं ते सरळ सांगून टाकू, खोटं बोलून रक्त द्यायचं नाही, तुम्हीच तर आम्हाला हे शिकवलंत. निरीक्षकांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शिकवणीचा राग आला.

गाडीत नात त्यांच्या आणि आजीच्या मध्ये बसली होती. मग तिनं हळूच त्यांची बाही ओढली.

“तुम्हाला तरी खरं वाटतं ना, आजोबा?”

“हो.”

“मग तसं सांगा ना सगळ्यांना.”

निरीक्षक खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचू लागले. एरवी या वेळी ते प्रत्येक दुकानातला काटा सरळ आहे की नाही ते चालत्या गाडीतून सांगत. आज त्यांना कुठल्याही काट्याकडे बघायचा धीर झाला नाही.

दवाखान्याच्या दालनात मुलांची रांग होती. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकाचा कागदी बिल्ला. नातीलाही मिळाला, तिनं तो दोनदा सरळ करून लावला. टेबलापाशी सिस्टरनं विचारलं, मुलानं काही खाल्लंय का. निरीक्षकांच्या मुलानं आवाज खाली आणून झाला प्रकार सांगितला. सिस्टर रागावली वगैरे नाही. ती एवढंच म्हणाली की मग हे रक्त चालणार नाही, आजचा शेवटचा दिवस आहे, दुपारी पेट्या प्रयोगशाळेकडे जातील आणि पुढच्या वेळचं काही सांगता येणार नाही. तिनं बिल्ल्यासाठी हात पुढे केला. नातीनं तो स्वतःच काढला, कागद फाटू नये म्हणून सावकाश काढला आणि टेबलावर ठेवला. ती रडली नाही. तिनं आजोबांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना सोसवेना.

“थांबा,” निरीक्षक म्हणाले. “सील मी तोडलं.”

सिस्टरनं दचकून आधी आपल्या रक्ताच्या नळ्या तपासल्या. मग तिला सगळं मुळापासून सांगावं लागलं: स्वयंपाकघर, तार, शिसं, सगळ्यांना सारखा नियम. मागची रांग वाढत होती आणि पुढे सरकून ऐकतही होती. निरीक्षकांनी काही लपवलं नाही. पहाटेची वेळ, पावाचे दोन तुकडे, वर जॅम, सोबत कुणी नाही, असं सगळं त्यांनी खात्यातल्या पंचनाम्याच्या भाषेत, सरळ उभं राहून सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

मुलगा गोंधळून म्हणाला, “पण बाबा, पाव तर सगळा संपला होता.”

“माझे दोनच,” निरीक्षक म्हणाले. “बाकीचा तपास चालू आहे.”

आणि त्यांनी वळून आपल्या कुटुंबाकडे पाहिलं. ती नजर फार दिवसांनी बाहेर निघाली होती. तिच्यासमोर भलेभले घाऊक व्यापारी गळ्याशी हात नेत, घरच्यांची काय कथा. आधी आजी फुटली. ती पाणी प्यायला उठली होती, तेव्हा सील लटकलेलं दिसलं. केळी खाल्ली, मग केळ्यांवर दूध. मुलगा म्हणाला की त्यालाही सील तसंच दिसलं होतं. पाव बऱ्यापैकी त्यानंच संपवला. उरलेला चुरा आणि बरणी सुनेच्या वाट्याला आली होती. आपलं पित्त खवळलं होतं, असं ती म्हणाली आणि पित्तावर जॅम चालतो का, असं कुणी विचारायच्या आत रडायला लागली.

तिघं वेगवेगळ्या वेळी उठली होती, एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. पण कारण तिघांनी एकच सांगितलं. सील तुटलेलं पाहून प्रत्येकाला वाटलं होतं की पोरीनं खाल्लंच आहे, तिचा उपास मोडलाच आहे, मग आपण उगाच कशाला ताटकळा. दुसऱ्या कुणाचं नाव तिघांच्याही मनात आलं नव्हतं. निरीक्षकांचं तर सोडाच.

निरीक्षकांना लाज वाटली. या तिघांनी नुसता संशय घेतला होता, त्यांना तर खरं काय ते पहाटेपासून ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत इतकं खोटं माप त्यांनी कुणाच्या दुकानात पाहिलं नव्हतं.

“मला कुणी विचारलं का नाही?” नात म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. आणि तेवढ्यात तिचं पोट ओरडलं. साधं कुरकुरलं नाही, चांगलं लांबलचक ओरडलं, कुणीतरी जड कपाट सरकवावं तसं. रांगेतलं एक पोर खुदकन हसलं. सिस्टरनं टेबलावरचा बिल्ला उचलला आणि पुन्हा नातीच्या फ्रॉकला लावला. ही मुलगी उपाशी आहे, ती म्हणाली, याला आणखी पुरावा नको. आणि तिला घेऊन ती आत गेली.

पाचही जणांचं रक्त घेतलं गेलं. मोठ्यांच्या नळ्यांत पाव होता की जॅम, याच्याशी कुणाला काही कर्तव्य नव्हतं. नातीनं डोळे मिटले नाहीत, नळी भरेपर्यंत ती तिच्याकडे टक लावून पाहत होती, आत काही लिहिलेलं दिसतंय का म्हणून.

संशोधनाच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, तेव्हा टेबलापाशी झालेला प्रकार सिस्टरनं त्यांच्या कानावर घातलेलाच होता. निरीक्षकांनी त्यांना विचारलं, निकाल कधी लागेल. त्यांनी शांतपणे सांगितलं की खूप मुलांचं रक्त जमवायचं आहे, त्यात खुणा शोधायच्या आहेत, वर्षं लागतील. आणि एकेका मुलाचा वेगळा निकाल असा देणारच नाहीत. निरीक्षकांचा चेहरा उतरला.

“मग हिला मी काय सांगू?” ते म्हणाले. “हिनं मला विचारलं होतं, रक्तातच असलं तर मग मी हावरट नाही ना.”

हे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. सुनेचा पदर डोळ्यांकडे गेला. मुलगा पोरीकडे बघायला लागला, जणू आज बऱ्याच दिवसांनी दिसली. डॉक्टरीणबाई खाली वाकल्या आणि नातीला म्हणाल्या, “रक्ताचं कळायला वेळ लागेल गं. पण तू जे विचारतेस ते तर आज सकाळीच कळलं.”

रक्त दिल्यावर मुलांना एका खोलीत दूध आणि बिस्किटं देत असत. नातीपुढे बशी आली आणि सवयीनं चौघांच्या नजरा बशीत जाऊन पडल्या. पोरीचा हात अर्ध्या वाटेत थांबला. निरीक्षकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घसा खाकरला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचं पाहून मुलगा पंख्याकडे पाहू लागला, सून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली, आजीनं मान वर करून छत धरलं. तेवढ्यात सिस्टर आत आली, तिनंही छताकडे पाहिलं, कुठं गळतंय की काय म्हणून.

पाठीमागून बिस्कीट मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, उभ्या केलेल्या गाड्या तेवढ्या होत्या. निरीक्षक त्या मन लावून बघत होते.

“आजोबा, तुम्ही मोजताय ना?”

“नाही.”

“मग किती झाली?”

“तीन,” निरीक्षक बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

नातीला हसू आवरेना. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती. “पाच,” ती म्हणाली. “दोन दुधात बुडवून खाल्ली. त्यांचा आवाज येत नाही.”

माप चुकलं याचा निरीक्षकांना इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता. मागे वळून न बघता त्यांनी हात लांब केला. नातीनं त्यांच्या तळहातावर एक बिस्कीट ठेवलं, आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर खाल्लं.